शेळीचें खाद्य व विषारी पेंडींचें शोधन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं दोन-चार शेळ्या बांधलेल्या असतात. शेळीस गरिबाची गाय म्हणतात तें यथार्थ आहे. मुलांच्या शाळेचा खर्च, औषधपाणी, लग्नकार्य अशा अडचणीच्या वेळीं घरांतील जी एक वस्तु बाजारांत नेतां येते ती बहुधा शेळीच. म्हणून ती काय खाते, कशानें वाढते व कशानें मरते ह्याचा विचार करणें हें केवळ जनावरांच्या डॉक्टराचें काम नव्हे. ह्या लेखांत आम्ही त्यांतील एकच गोष्ट घेणार आहों. ज्या पेंडी व जो पाला विषारी म्हणून आपण शेळीपुढें टाकीत नाहीं, त्यांपैकीं कोणतीं खाद्यें शुद्ध करून देतां येतात, कोणतीं येत नाहींत, आणि शुद्ध करणें म्हणजे नक्की काय करणें, हा तो प्रश्न होय.

प्रथम ह्याची गरज कां पडते तें पाहूं. ज्या द्रव्यापासून शेळीचें मांस, दूध व केस बनतात त्यास प्रथिन असें नांव आहे. नुसता जीव धरून राहण्यास तिच्या कोरड्या खाद्याच्या १०० भागांत ७-८ भाग प्रथिनें पुरतात. वाढत्या करडास व दुभत्या शेळीस १२ ते १४ भाग लागतात. ज्वारीच्या कडब्यांत तीं ३-४ भागांहून फारशीं अधिक नसतात. पावसाळ्यांत शेळी रानांतला पाला ओरबाडून ही तूट भरून काढते. परंतु फाल्गुन-चैत्रांत रान सुकलें म्हणजे दूध आटतें, आणि करडें पोटानें मोठीं व पाठीनें बारीक अशीं दिसूं लागतात. शेंगदाण्याच्या पेंडींत सुमारें ४५ भाग प्रथिनें असतात, पण ती पेंड रोज विकत घेण्याची ऐपत किती जणांची? उलट त्याच गांवांत निंबोळ्या झाडाखालीं कुजत असतात, एरंडीची व करंजाची पेंड खत म्हणून शेतांत पडते, आणि बांधावर सुबाभूळ माजलेली असते. तेल काढलेल्या एरंडीच्या पेंडींत ३० हून अधिक भाग, कवच काढलेल्या निंबोळीच्या पेंडींत ३५ ते ४० भाग, आणि सुबाभळीच्या पाल्यांत २० ते २५ भाग प्रथिनें असतात. अडचण एवढीच कीं ह्या प्रत्येकांत कांहीं ना कांहीं विष आहे.

तें तेथें असण्यास कारणही आहे. झाडास पळून जातां येत नाहीं. आणि बीं म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीची शिदोरी. जेथें शिदोरी भरलेली तेथें पहारा कडक, असा हा प्रकार आहे. म्हणून पौष्टिक द्रव्य व विष हीं पुष्कळदां एकाच बियांत शेजारीं शेजारीं आढळतात.

विष काढून अन्न करणें ही कला आपल्याकडे नवीन नाहीं. अळू व सुरण घशाशीं खाजतात म्हणून गृहिणी त्यांत चिंच किंवा आमसूल घालते. कडवे वाल ती रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून घेते. सह्याद्रीच्या रानांतील कातकरी व ठाकर लोक कडूकंदाच्या चकत्या करून त्या पुन्हां पुन्हां उकळतात, वाहत्या पाण्यांत ठेवतात, आणि मगच खातात. वैद्यांच्या ग्रंथांत कुचला व बिब्बा ह्यांचें शोधन सांगितलेलें आहे. परंतु ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे ती ही कीं, सुरणाचा उपाय कडूकंदास चालत नाहीं व कुचल्याचा बिब्ब्यास चालत नाहीं. विष कोणत्या जातीचें आहे हें कळल्याशिवाय उपाय सांगतां येत नाहीं. कांहीं विषें उष्णतेनें नाश पावतात, कांहीं पाण्यांत उतरतात, कांहीं तेलाबरोबर निघून जातात, कांहींस चुन्यासारखें क्षारद्रव्य मोडतें. आणि कांहीं अशीं आहेत कीं कितीही शिजवा, तीं जशींच्या तशीं राहतात. "चांगली उकळून घातली म्हणजे झालें" असें जें सर्रास म्हटलें जातें तें म्हणूनच धोक्याचें आहे.

शेळीच्या बाजूनें एक मोठी जमेची गोष्ट आहे, ती तिचें पोट. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटास चार कप्पे असतात, व पहिला मोठा कप्पा म्हणजे एक आंबवणाचें भांडेंच होय. त्यांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतु राहतात. शेळी जें खाते तें आधीं ह्या जंतूंच्या हातीं पडतें, आणि मग तिच्या वाट्यास येतें. कित्येक विषें हे जंतु वाटेंतच मोडून टाकतात. म्हणून जो पाला घोड्यास किंवा कोंबडीस बाधतो तो शेळीस पचतो. मात्र दूध पिणाऱ्या करडाच्या पोटांत हा कप्पा तयार झालेला नसतो; त्यानें प्यालेलें दूध एका पन्हळीवाटे सरळ चौथ्या कप्प्यांत जातें. तेव्हां पुढें आम्ही जें कांहीं सांगूं तें मोठ्या शेळीविषयीं आहे, करडाविषयीं नाहीं, हें वाचकांनीं प्रत्येक ठिकाणीं गृहीत धरावें.

ह्या जंतूंची करामत पाहावयाची असेल तर सुबाभळीची हकीकत वाचावी. हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतलें. तेथें ह्याच्या शेंगा माणसेंही खातात, आणि ओहाका हें तेथील शहराचें नांव ह्याच झाडावरून पडलें आहे. आपल्या महाराष्ट्रांत १९७० नंतरच्या दशकांत उरुळीकांचन येथील मणिभाई देसाई व त्यांची बाएफ संस्था ह्यांनीं ह्याचा पुष्कळ प्रसार केला. लवकर वाढणारें, जळणास उपयोगी, जमिनींत नत्र सांठविणारें आणि प्रथिनांनीं भरलेला पाला देणारें असें झाड कोणास नको होईल? परंतु ह्याच्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें विष असतें. कोवळ्या शेंड्यांत व बियांत तें सर्वांत अधिक, जून पानांत कमी. घोड्यांनीं हा पाला खाल्ला म्हणजे त्यांची आयाळ व शेपटीचे केस गळतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांत मिमोसीन मोडतें खरें, पण त्यापासून जें दुसरें द्रव्य होतें तें गळ्यांतील ग्रंथीचें काम बिघडवितें. मग गळा सुजतो, लाळ गळते, खाणें कमी होतें, वजन घटतें, आणि गाभण मादीचीं पिलें अशक्त जन्मतात.

ऑस्ट्रेलियांतील गोपालकांस हा अनुभव वारंवार येत होता. तेथील सरकारी संशोधनसंस्थेंतील रेमंड जोन्स ह्या शास्त्रज्ञाच्या असें नजरेस आलें कीं, हवाई बेटांत मात्र जनावरें हाच पाला खुशाल पोटभर खातात व त्यांस कांहीं होत नाहीं. झाड तेंच, विष तेंच; मग फरक कशाचा? १९८१ सालीं त्यानें असा तर्क मांडला कीं, फरक झाडांत नसून पोटांतील जंतूंत असला पाहिजे. हवाईच्या जनावरांच्या पोटांत असा कोणी जंतु असावा कीं जो तें दुसरें द्रव्यही मोडून टाकतो, आणि ऑस्ट्रेलियांत तो नसावा. ह्या तर्काची परीक्षा शेळ्यांवरच झाली. इंडोनेशियांतील एका शेळीच्या पोटांतील द्रव ऑस्ट्रेलियांतील शेळ्यांच्या पोटांत घातला, तेव्हां त्या शेळ्याही तें विष मोडूं लागल्या. हें १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें हवाईच्या शेळ्यांच्या पोटांतील जंतु ऑस्ट्रेलियांतील जनावरांस दिल्यावर सुबाभळीची बाधा नाहींशी झाली, ही हकीकत १९८६ सालीं छापली गेली. १९९२ सालीं त्या जंतूचें वर्णन होऊन त्यास सिनर्जिस्टिस जोन्सी असें नांव मिळालें. त्यांतील दुसरा शब्द जोन्सच्या सन्मानार्थ आहे. क्वीन्सलंडच्या गोपालकांस हे जंतु तयार करून पुरविण्याची व्यवस्थाही झाली. अलीकडे असें दिसून आलें आहे कीं, सर्वच काम ह्या एका जंतूचें नसून, सरावलेल्या जनावरांचें यकृतही तें द्रव्य बांधून लघवीवाटे बाहेर टाकतें. तथापि मुख्य मुद्दा कायम आहे. सरावलेलें पोट व न सरावलेलें पोट ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें.

ह्यावरून आपल्या वाचकांनीं काय घ्यावें? सुबाभूळ एकदम पोटभर घालूं नये. पहिल्या आठवड्यांत मूठ-दोन मुठी, मग हळूहळू वाढवीत न्यावी, आणि एकंदर खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊं देऊं नये. बाजारांतून नवीन आणलेली शेळी जुन्या, सरावलेल्या शेळ्यांबरोबर ठेवावी, म्हणजे ते जंतु एकीकडून दुसरीकडे आपोआप जातात. पाला कापून उन्हांत वाळविल्यानें मिमोसीन पुष्कळ कमी होतें. एक रात्र व एक दिवस पाण्यांत भिजवून तें पाणी फेकून दिल्यासही तें उतरतें. आमच्या मतें वाळविण्याची रीत बरी, कारण उन्हाळ्यांत जेथें माणसांस पाणी मिळत नाहीं तेथें पाला धुण्यास कोठून आणावें? वाळलेल्या पाल्याचीं पानें झडून त्याचा चुरा पोत्यांत भरून ठेवतां येतो, आणि तो चैत्रांत उपयोगी पडतो. गाभण शेळीस मात्र थोडाच द्यावा. कोंबड्या व घोडीं ह्यांस देऊंच नये. त्यांच्या पोटांत ती आंबवणाची सोय नाहीं.

आतां निंबोळीकडे वळूं. मराठवाड्यांत व खानदेशांत कडुनिंब नाहीं असें गांव क्वचितच असेल. निंबोळीच्या पेंडींत जें बाधक आहे तेंच कडूही आहे. ॲझाडिरॅक्टिन, निंबिन, सलॅनिन अशीं त्यांतील द्रव्यांचीं नांवें आहेत, व कीटकांस पळवून लावण्याचा कडुनिंबाचा जो गुण प्रसिद्ध आहे तो ह्यांचाच. कच्ची पेंड शेळी बहुधा खातच नाहीं, आणि गूळ किंवा भरड मिसळून फसवून खाऊं घातली तर करडें वाढत नाहींत. दीर्घकाळ घातल्यास नरांच्या प्रजननशक्तीवर अनिष्ट परिणाम होतो असेंही प्रयोगांत दिसलें आहे. बरेलीजवळ इज्जतनगर येथें भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे. तेथें ह्या पेंडीवर पुष्कळ वर्षें काम झालें असून त्यांतून दोन रीती पुढें आल्या. पहिली पाण्यानें वारंवार धुण्याची. तिनें कडूपणा जातो, पण पाण्याबरोबर पेंडीचा कसही बराच वाहून जातो. दुसरी युरियाची.

ही दुसरी रीत अशी. १०० किलो निंबोळीच्या पेंडीस अडीच किलो युरिया घेतात. तो पाण्यांत पूर्ण विरघळवून तें पाणी पेंडींत सारखें कालवितात, व ती ओली पेंड खड्ड्यांत किंवा प्लास्टिकच्या जाड कागदांत हवा न लागेल अशी दाबून पांच-सहा दिवस ठेवतात. ह्या अवधींत युरियापासून अमोनिया होतो, व त्याच्या क्षारधर्मानें कडू द्रव्यें मोडतात. नंतर पेंड पसरून उन्हांत खडखडीत वाळवितात, म्हणजे उरलेला अमोनियाचा दर्प उडून जातो. अशी शुद्ध केलेली पेंड शेंगदाण्याच्या पेंडीच्या जागीं वाढत्या शेळ्यांस घालून पाहिली असतां त्या ती खातात व नीट वाढतात असें दिसून आलें आहे. येथें "वाढत्या" म्हणजे रवंथ करूं लागलेल्या, दूध सुटलेल्या, असें समजावें.

ह्या रीतींत एक धोका आहे, व तो आम्ही ठळकपणें सांगतों. युरिया हें स्वतःच शेळीस विष आहे. खड्यांच्या रूपानें किंवा नीट न विरघळलेला तो तिच्या पोटांत गेला तर पोट फुगून ती थोड्याच वेळांत मरते. म्हणून अंदाजपंचें मूठभर टाकणें येथें चालावयाचें नाहीं. तराजू पाहिजे, पाणी पुरेसें पाहिजे, आणि कालवणें सारखें पाहिजे. युरियाचें पाणी कालविलेलें घमेलें उघड्यावर ठेवून जेवावयास जाऊं नये, कारण शेळी त्यांत तोंड घातल्याशिवाय राहणार नाहीं. शिवाय दुकानांत खत म्हणून जी निंबोळी पेंड मिळते तींत दुसऱ्या कोणत्या पेंडीची मिसळ आहे ह्याची कोणी हमी देत नाहीं. आपण स्वतः वेंचलेल्या, कवच काढलेल्या, बुरशी न लागलेल्या निंबोळ्यांची घाण्यावर काढलेली पेंड असेल तरच हा खटाटोप करावा.

एरंडीची गोष्ट निराळी आहे, आणि येथें आमचें धोरण सावध आहे. जगांत सर्वांत अधिक एरंडी भारतांत पिकते, व भारतांत गुजराथेंत. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचे डोंगर होतात आणि ते बहुतेक खतांत जातात. ह्या पेंडींत रिसीन नांवाचें विष असतें. १८८८ सालीं डोर्पाट येथें हेरमान स्टिलमार्क ह्यानें तें प्रथम वेगळें काढलें. तें तेलांत उतरत नाहीं, म्हणून एरंडेल आपण औषध म्हणून घेतों तरी बाधत नाहीं. सर्व विष पेंडींत मागें राहतें. आश्चर्य असें कीं, रिसीन हें स्वतःच एक प्रथिन आहे. शरीरांतील प्रत्येक पेशींत प्रथिनें घडविणारे जे सूक्ष्म कारखाने असतात ते तें बंद पाडतें. परंतु प्रथिन असल्यामुळेंच तें उष्णतेस भितें. अंड्याचा पांढरा बलक जसा उकळल्यानें थिजतो व पुन्हां पातळ होत नाहीं, तशी रिसीनचीही घडी तापविल्यानें कायमची मोडते.

मग पेंड उकळून घातली म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तेथेंच गोम आहे. बंगलोर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेंत एरंडीच्या पेंडीवर भिजविणें, वाफविणें, उकळणें, कोरडें भाजणें, मीठ, अमोनिया, चुना, कॉस्टिक सोडा असे अनेक उपाय करून पाहण्यांत आले व २००५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बऱ्याच उपायांनीं रिसीन कमी झालें, पण पूर्ण नाहींसें झालें तें दोहोंनींच. एक, दाबाच्या वाफेंत, म्हणजे चौरस इंचास १५ पौंड दाबाखालीं, एक तास ठेवल्यानें. आणि दुसरा, किलोमागें ४० ग्रॅम चुना घातल्यानें. नुसतें भिजवून तें जात नाहीं. चुन्याची रीत स्वस्त आहे, व ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या मुलखांतही चुन्यानें शुद्ध केलेली एरंडीची पेंड शेळ्यामेंढ्यांस घालून पाहण्यांत आली आहे. तेव्हां उपाय नाहीं असें नाहीं. पण ढेपेचा मधला भाग कोरडा राहिला, चुना जुना होऊन मेलेला निघाला, तर काय? निंबोळीची पेंड कडू लागते म्हणून शेळी आपण होऊन तोंड फिरविते. रिसीनला अशी कडू चव नाहीं. पेंड शुद्ध झाली कीं नाहीं हें शेळीसही कळत नाहीं व धन्यासही कळत नाहीं. तें प्रयोगशाळेंतच कळतें. बाधा झाल्यास कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, शेळी खाणें सोडते, पोटांत कळा येतात, रक्ताची हगवण लागते, आणि ह्यावर उतारा नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, एरंडीची पेंड घरच्या घरीं शुद्ध करून शेळीस घालण्याच्या भरीस कोणी पडूं नये. हें काम वाफेचें यंत्र व तपासणीची सोय असलेल्या कारखान्याचें अगर सहकारी संघाचें आहे, आणि त्यांनीं तें हातीं घ्यावें असें आम्हांस वाटतें. घरीं खतासाठीं आणलेलें एरंडीच्या पेंडीचें पोतें शेळ्यांच्या गोठ्यांत ठेवूं नये. ह्या पेंडीचें खत खाऊन कुत्रीं मेल्याचीं उदाहरणें आहेत. तिची धूळही नाकांत जाऊं देऊं नये. अमेरिकेंतील टोलेडो शहरांत एका एरंडीच्या तेलगिरणीभोंवतालच्या वस्तींत पसरलेला दमा ह्या धुळीमुळें होतो, असें १९२८ सालीं तेथील डॉक्टरांनीं दाखवून दिलें होतें.

करंजाविषयीं थोडक्यांत सांगतों. कोंकणांत व नदीनाल्यांच्या कांठीं करंज पुष्कळ. त्यांतील करंजिन हें बाधक द्रव्य तेलांत उतरतें. म्हणून घाण्यावरची पेंड, जींत तेल अधिक राहतें, ती अधिक वाईट. द्रावकानें तेल पुरें ओढून काढलेली कारखान्याची पेंड कमी वाईट. चुना व कॉस्टिक सोडा लावूनही तिचा दोष पुरता जात नाहीं असा अनुभव आहे. ती झाडांच्या मुळांशींच शोभते.

भंडारा-गडचिरोलीकडील वाचकांस मोहाची पेंड परिचयाची आहे. तींत फेंस येणारें सॅपोनिन जातीचें विष असतें. तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यास ही पेंड टाकतात तें ह्यामुळेंच. हें विष गरम पाण्यांत उतरतें. पेंड कुटून, गरम पाण्यांत भिजवून, पाणी निथळून टाकावें, व पाण्यास फेंस येईनासा होईपर्यंत असें पुन्हां करावें. फेंस हीच येथें परीक्षा होय, आणि ती घरीं करतां येते, ही ह्या पेंडीची जमेची बाजू. तथापि तींत प्रथिनें बेताचींच असतात, व धुण्यांत त्यांतलींही कांहीं जातात. तेव्हां दुसरें कांहीं नसेल तेव्हांच हा मार्ग धरावा.

मोगली एरंडाविषयीं मात्र स्पष्ट निषेधच करावा लागतो. २००३ नंतर ह्याच्या बियांपासून मोटारींचें तेल काढण्याच्या आशेनें देशांत ह्याची मोठी लागवड झाली, आणि उरलेली पेंड जनावरांस घालतां येईल असें तेव्हां पुष्कळांस वाटलें. तींत दोन विषें आहेत. एक कर्सिन, तें रिसीनसारखेंच प्रथिन असून उष्णतेनें मरतें. दुसरें फोरबॉल एस्टर. तें भाजून, शिजवून, वाफवून कशानेंही जात नाहीं, त्यास मद्यार्कासारखीं द्रावकें लागतात. सुदानांत १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हें बीं शेळ्यांस घातलें असतां त्या मेल्या. मेक्सिकोंत ह्याची एक निर्विष जात आहे व तिच्या बिया तेथील लोक भाजून खातात ही गोष्ट खरी, पण आपल्या कुंपणांत जी आहे ती जात ती नव्हे. ज्या झाडास शेळीसारखें खादाड जनावर तोंड लावीत नाहीं म्हणून आपण त्याचें कुंपण करतों, त्याची पेंड तिला घालण्याचा विचार करणें हेंच मुळीं विपरीत आहे.

येथें कोणी विचारील कीं, सरकीचें काय? ती तर आपण पिढ्यान् पिढ्या घालतों. होय, आणि तिच्यांतही गॉसिपॉल नांवाचें विष आहे. मोठ्या जनावराच्या पोटांत तें बांधलें जातें म्हणून बाधत नाहीं. करडाच्या पोटांत तें बांधलें जात नाहीं. म्हणून दूध पिणाऱ्या करडांस सरकी किंवा तिची पेंड घालूं नये. ह्या विषास लोखंडाचा क्षार, म्हणजे बाजारांतील हिराकस, बांधून टाकतो हें खरें, पण त्याचें प्रमाण पशुवैद्यास विचारूनच ठरवावें. टेक्सास येथें काम करणारे कीर्ति राठोड ह्यांनीं २००६ सालीं असा कापूस सिद्ध केला कीं ज्याच्या झाडांत गॉसिपॉल आहे पण सरकींत नाममात्र आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत ती सरकी खाद्य म्हणून वापरण्यास परवानगी मिळाली. झाडाचा पहारा राखून शिदोरी तेवढी निर्विष करण्याची ही युक्ति आम्हांस मोठी कौतुकाची वाटते. आणि उलट, जी शेंगदाण्याची पेंड सर्वांत निर्धोक म्हणून आपण समजतों तीही ओल लागून बुरसली कीं विषारी होते. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या त्या ब्राझीलहून आलेल्या अशाच बुरसलेल्या पेंडीनें, आणि अफ्लाटॉक्सिन ह्या विषाचा शोध त्यांतूनच लागला. हें विष शिजवून जात नाहीं. काळी-हिरवी बुरशी धरलेली पेंड धुऊन, वाळवून कोणासही घालूं नये.

शुद्ध केलेली कोणतीही नवी पेंड सुरू करतांना एकदम सगळ्या कळपास घालूं नये. एक धट्टीकट्टी, गाभण नसलेली मोठी शेळी निवडून तिला पहिल्या दिवशीं मूठभर, व मग पंधरा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावें. ती खाणें सोडते काय, लेंडी पातळ होते काय, केस विसकटतात काय, हें पाहावें, आणि शक्य तर आठवड्यास वजन करावें. रोजच्या खुराकांतील जुन्या पेंडीच्या अर्ध्या जागेपलीकडे नव्या पेंडीस जागा देऊं नये. गाभण शेळ्या, पैदाशीचा बोकड व करडें ह्यांस ह्या प्रयोगांतून वगळावें. पहिली शेळी सुखरूप राहिली म्हणजे बाकीच्यांस सुरू करावें.

धुण्याचें पाणी कोठें टाकावयाचें हेंही आधींच ठरवून ठेवावें. मोहाच्या पेंडीचें पाणी ओढ्यांत किंवा तळ्यांत गेलें तर मासे मरतील. तें पडीक जागीं, पाणवठ्यापासून लांब ओतावें. निंबोळीच्या धुण्याचें पाणी वायां घालवूं नये. तें गाळून वांग्या-मिरच्यांवर शिंपडावें, म्हणजे किडीस तें शेळीइतकेंच नावडतें.